गोष्टीत नसलेलं लेकरू

मॅडम, परवा सकाळी फोन वाजला आणि त्यावर तुमचं नाव दिसलं, म्हणून मी 'हॅलो'सुद्धा म्हटलं नाही. सरळ भांडायलाच लागले. "मॅडम, रविवारच्या तुमच्या मुद्द्याला माझं उत्तर तयार झालंय, आता ऐका," असं म्हणून मी बोलतच सुटले. पलीकडून आवाज नव्हता. मला त्यात काही वेगळं वाटलं नाही, कारण समोरच्याचं पुरतं ऐकल्याशिवाय तुम्ही तोंड उघडायच्याच नाहीत. मेथीची जुडी मांडीवर, फोन कानाशी, आणि मी चांगली रंगात आलेली.

मग पलीकडून तुमच्या बहिणीचा आवाज आला. "शोभा, मी लक्ष्मी बोलून राहिले. अक्का गेली."

मी विचारलं, "कुठं गेल्या?"

असं कुणी विचारतं का? पण मी विचारलं. लक्ष्मीमावशी म्हणाल्या, "सकाळी चहा घेतला. पेपर हातात घेतला अन् मान खाली घातली. मला वाटलं, वाचून राहिली. मी भांडी घासून आले तरी तशीच."

वाचत असतील असं वाटलं. तुमच्याबद्दल घरच्या माणसाला दुसरं काय वाटणार होतं, मॅडम?

लातूरहून नांदेडच्या बसमध्ये बसले. शेजारच्या बाईनं विचारलं, "नांदेडला कुणाकडं?" मी म्हणाले, "आमच्या मॅडमकडं." "आजारी हायत का?" मी म्हणाले, "न्हाई, चांगल्या हायत." खोटं बोलायचं म्हणून बोलले नाही. तोंडातून तेच आलं. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं, लोहा गेलं, आणि तुम्ही गेलात हे काही माझ्या डोक्यात शिरेना. उलट खिडकीतून नवं काही दिसलं की मनात यायचं, हे मॅडमना सांगू.

घरी पोचले तेव्हा तुम्हाला खाली ठेवलं होतं. चष्मा काढला होता. चष्म्याशिवाय मी तुम्हाला आधी एकदाच पाहिलं होतं, वर्गात, चाळीसेक वर्षांपूर्वी. त्या दिवसाचं आता लिहिते. तो दिवस आपल्या दोघींचा होता असं मला इतकी वर्षं वाटत होतं. कालपासून तेही डळमळलंय.

त्या सुमाराला लातूर नुकताच जिल्हा झाला होता. दुकानांच्या पाट्यांवर, शाळांच्या भिंतींवर 'जि. उस्मानाबाद' खोडून 'जि. लातूर' रंगवणं चाललं होतं. कुठं जुनी अक्षरं पांढऱ्या रंगाखालून दिसायची. कचेऱ्या येणार, नोकऱ्या निघणार, असं जो तो बोलायचा, आणि त्या बोलण्याच्या भरवशावर माझ्या वडिलांनी मला चाकूरजवळच्या आमच्या गावातून लातूरला कॉलेजात घातलं. आमच्या बुद्धवाड्यातून कॉलेजात गेलेली मी पहिली मुलगी. बी. ए.ला मराठी घेतलं ते आवडीनं नव्हे. इंग्रजीची भीती होती आणि इतिहासात सनावळ्या होत्या, म्हणून.

मला वाचता येत होतं. गावात पत्र आलं की लोक माझ्याकडंच आणायचे. पण वाचलेलं आपल्याला कळलंय, यावर माझा विश्वास नव्हता. गोष्टीचा, कवितेचा अर्थ हा सरांकडं असतो, गाईडमध्ये असतो, पुण्याच्या लोकांकडं असतो, अशी माझी समजूत. आपण पाठ करायचं. मला काही वेगळं वाटलंच तर ते माझ्या मराठीमुळं, गावच्या, अर्धवट मराठीमुळं, असं मी धरून चालले होते.

आणि मग तुम्ही वर्गात आलात. मराठी शिकवायला आलेल्या, धर्माबादच्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या सरोजा मॅडम! शांत असलात की तुमचं मराठी फार सुंदर होतं. पण रागावलात की तो, ती, ते यांची गल्लत व्हायची. एकदा मागच्या बाकावरच्या पोरांवर भडकून तुम्ही म्हणालात, "तो पुस्तक आधी उघडा!" आणि सगळा वर्ग फिस्सकन हसला. मला वाटलं, आता या रडणार नाहीतर बाहेर जाणार. तुम्ही टेबलाला टेकून उभ्या राहिलात.

"हसून झालं? आता ऐका. माझी आई मला तेलुगूत रागवायची. मराठी मी शाळेत शिकले. त्यामुळं मला अजूनही एकेका शब्दापाशी थांबून वाचावं लागतं. तुम्ही पळत वाचता. म्हणून तुमचं सांडतं."

त्या दिवशी घरी नेण्यासारखं काही मिळालं असं मला पहिल्यांदा वाटलं. मराठीची प्राध्यापक थांबून थांबून वाचते. मग मीही थांबून वाचलं तर ती अडाणीपणाची खूण नाही.

हिवाळ्यात तुम्ही ती गोष्ट शिकवायला घेतलीत. पाठ्यपुस्तकातली, दोन पानांची. मोठ्या दुष्काळातल्या रस्त्याच्या कामावरची एक बाई. सकाळपासून खडी फोडते. दुपारी सुकडी वाटतात. सरकारनं दुष्काळात वाटलेली ती भाजलेल्या पिठाची गोडसर भुकटी आम्हा सगळ्यांनाच माहीत होती. लहानपणी आम्ही सगळ्यांनी ती खाल्लेली. बाकीच्या बाया तिथंच बसून खातात. ही बाई तिच्या वाट्याची सुकडी पदरात बांधते आणि उन्हात चालू लागते. गोष्ट तिथं संपते.

तुम्ही शिकवलंत ते अजून माझ्या कानात आहे. आवाज खाली आणून, खिडकीकडं बघत तुम्ही म्हणालात, "घरी तिचं लेकरू आहे. ती आई आहे. स्वतः उपाशी राहील, पण पदरातलं लेकराला देईल." पुढच्या बाकावरच्या दोन मुली रडल्या. गाईडमध्येही तेच होतं, वात्सल्य आणि त्याग. माझ्याकडं गाईड नव्हतं. मी वसतिगृहावर गोष्टच पुन्हा वाचली, तुम्ही सांगितल्यासारखी, थांबून थांबून. आणि मला ते लेकरू काही सापडेना. दुसऱ्यांदा वाचली. मला वाटलं, एखादी ओळ माझ्याकडून सुटतेय.

दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, "काही शंका?" मी हात वर केला नव्हता. पण बोलून गेले.

"मॅडम, लेकरू कुठंय?"

"कुठलं लेकरू?"

"गोष्टीतलं. मला सापडंना गेलंय."

वर्ग हसला. मागून एक जण म्हणाला, "घरी हाय की! मॅडमनी काल सांगितलं न्हाई का?" आणखी हसू. मी खाली बसणार, तेवढ्यात तुम्ही हातानं थांबवलंत आणि पुस्तक उघडलंत.

उभ्यानं, मनात, सगळी गोष्ट वाचलीत. पोरांची कुजबुज सुरू झाली, वाढली, मग आपोआप थांबली. तुम्ही परत पहिल्या ओळीवर गेलात. या वेळी ओळीखाली बोट धरून वाचलंत, पहिलीतल्या मुलासारखं. शेवटच्या ओळीवर बोट बराच वेळ राहिलं. मग तुम्ही खुर्चीवर बसलात.

"नाही," तुम्ही म्हणालात. "लेकरू नाही."

"मग काल तुम्ही?" मघाच्याच मुलानं विचारलं.

"काल मी चुकले. त्याच्या आधीही चुकत होते. पुस्तकात नाही ते मी वाचत होते."

चष्मा काढून तुम्ही पदरानं पुसायला लागलात. पुष्कळ वेळ पुसत राहिलात. आम्हाला वाटलं, मॅडम ओशाळल्या. मला तर वाटलं, माझं आता काही खरं नाही.

पण चष्मा लावून तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. "शोभा, बस म्हटलेलं नाही मी. लेकरू नाही, तर मग ती सुकडी कुणासाठी बांधते?"

"सोतासाठी."

"कशावरून?"

मग मी माझ्या मायचं सांगितलं. माय दुष्काळात खडी फोडायला जायची, मी तिच्यासोबत. पाण्याचा माठ आमच्या लोकांचा तिथंही वेगळा. माय कधीच रांगेत बसून खायची नाही. घरी आणायची, दार लोटून घ्यायची, आणि मग आम्ही दोघी खायचो. मी विचारलं होतं तर म्हणाली होती, "तिथं खाल्लं की वाटणारे बघतेत, कोण कसं खाऊन राहिलं ते. भूक काय लोकाला दाखवायची असती का?" एवढं मी वर्गात सांगितलं. भर वर्गात मायचं नाव काढलं, माठाचं सांगितलं, आणि मला धाप लागली.

कुणी हसलं नाही. तुम्ही माझं कौतुक कराल असं मला वाटलं. तुम्ही म्हणालात, "तुझ्या आईचं खरं आहे. पण ही तुझी आई झाली. गोष्टीतल्या बाईला तुझी आई करायची असेल, तर गोष्टीत जागा दाखव. मी माझं लेकरू बाहेर काढलं. आता तू तुझी माय बाजूला काढ, आणि वाच."

मला राग आला होता, मॅडम. इतका की वसतिगृहावर जाऊन मी ती दोन पानं त्या रागातच पालथी घातली. आणि मला जागा सापडली. गोष्टीच्या सुरुवातीला ती बाई पाणी पिते तेव्हा मुकादमाकडं पाठ करून पिते. एकच वाक्य. पुढच्या तासाला मी ते वाक्य वाचून दाखवलं आणि म्हणाले, "जी बाई पाणी पितानासुद्धा कुणाला तोंड दाखवत नाही, ती सुकडी रांगेत कशी खाईल?"

तुम्ही ते वाक्य पुन्हा वाचलंत. मान डोलवलीत. "चांगलं शोधलंस. पण मला पटलं नाही. मुकादम उभा आहे ती बाजू पूर्वेची. तिच्या डोळ्यांवर ऊन येतं, म्हणून तिनं पाठ केली."

"मॅडम, ऊन कुठंय त्या वाक्यात?"

"आधीच्या वाक्यात आहे. वाच."

होतं! मी पळत वाचलं होतं. माझं सांडलं होतं.

आपलं हे भांडण एका तासात मिटलं नाही. एकदा विभागप्रमुख सर तुमच्या तासाला मागं येऊन बसले. त्यांच्या कानावर गेलं असावं की सरोजाबाई वर्गात एका गोष्टीवरच रेंगाळल्यात. त्यांनी मलाच उभं केलं. मी माझं म्हणणं सांगितलं. सर वैतागले. "बाई आहे म्हटल्यावर लेकरू असणारच. हे काय वेगळं सांगावं लागतं? परीक्षेत हे असलं लिहिलंस तर मार्क कोण देणार?"

तुम्ही टेबलापासून म्हणालात, "सांगावं लागतं, सर."

"काय?"

"लेकरू असेल तर लेखकाला ते सांगावं लागतं. बाई आहे म्हणजे लेकरू असणारच, असं नसतं." तुमचा आवाज कापत होता. "आणि शोभाचं म्हणणं मला स्वतःला पटलेलं नाही. आमचं भांडण चालू आहे. पण ती वाचून भांडतेय. तिला खाली बसवू नका."

तोवर मला लोकांनी शाबासकी दिली होती, दटावलं होतं, दुर्लक्ष तर कायमचंच होतं. पण 'तुझं मला पटलं नाही' असं मला कुणी कधी म्हटलं नव्हतं. त्यासाठी आधी माझं काही म्हणणं आहे हे मान्य करावं लागतं. सर निघून गेले, तास संपला, मी जिन्यावरून उतरले, आणि माझ्या लक्षात आलं की मी ताठ चालतेय. तिथून पुढं मी कुठलंही पुस्तक उघडताना घाबरले नाही. कळलं नाही तर पुन्हा वाचीन. पटलं नाही तर जागा दाखवीन. एवढंच तर होतं!

नव्या जिल्ह्याच्या नोकऱ्या खरंच निघाल्या आणि मी एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागले. लोक म्हणाले, मराठी घेऊन काय उपयोग झाला? तुम्हाला मी तो किस्सा सांगितला होता. गावाकडच्या विधवा बायकांना आमच्या कचेरीत एका कागदासाठी पुन्हा पुन्हा माघारी पाठवायचे. नियमच तसा आहे, असं सगळे म्हणायचे. मी तो शासन निर्णय काढून वाचला, तुमच्यासारखं ओळीखाली बोट ठेवून. साहेबांपुढं नेऊन ठेवला. "साहेब, हा कागद मागावा असं यात कुठंय?" साहेबांनी वाचला. हेडक्लार्कनं वाचला. नव्हतंच. वर्षानुवर्षं कुणीतरी कुणालातरी सांगत आलं होतं. त्या दिवसापासून तो कागद मागणं बंद झालं. मी तुम्हाला फोन करून म्हणाले, "मॅडम, इथंबी लेकरू नव्हतं!" तुम्ही इतक्या हसलात की लक्ष्मीमावशी मागून विचारायला लागल्या, काय झालं म्हणून.

तुम्ही निवृत्त होऊन नांदेडला बहिणीकडं राहायला गेलात, तरी भांडण सुटलं नाही. रेल्वेनं लातूरला पाणी आलं त्या उन्हाळ्यात तुमचा रोज फोन. "पाणी मिळालं का?" आधी हे, आणि मग लगेच पुस्तकाचं. टँकरपाशी एक बाई कुणाशी न बोलता, कुणाकडं न बघता घागर भरून निघून जायची. मी म्हणाले, "मॅडम, ही बघा आपली बाई. भूक काय, तहान काय, लोकांना दाखवायची नसते." तुम्ही म्हणालात, "ऊन असेल गं." माझी माय त्याच्या आदल्या वर्षी गेली होती. तुम्हाला ते ठाऊक होतं. तुम्ही म्हणालात, "तुझी माय असती तर तिला विचारलं असतं." मी म्हणाले, "तुम्हीच म्हणाला होता, माय बाजूला काढ." "हो," तुम्ही म्हणालात. "म्हणाले होते खरं."

आणि मग हा मागचा रविवार. तुमचा फोन दुपारी आला. आवाज नेहमीचा, ठणठणीत. तुम्ही म्हणालात, "शोभा, ती सुकडी. मला एक सुचलंय."

"सांगा."

"लेकरू गोष्टीत नाही. ते तू तेव्हाच दाखवलंस. पण कधीतरी असेल. गोष्ट सुरू व्हायच्या आधी. आता नाही, पण हाताला सवय राहते ना. दुपारी पुढ्यात काही आलं की हात आपोआप पदराकडं जातो."

मी काय म्हणाले? मी म्हणाले, "मॅडम, हे पुस्तकात कुठंय?"

तुम्ही हसलात. मला नीट आठवतंय, हसलात. "नाही. पुस्तकात नाही," म्हणालात. "तू ये एकदा नांदेडला. समोर बसून सांगायचंय." मी म्हणाले, येते, पुढच्या आठवड्यात येते. आणि तीन-चार दिवस डोक्यात तुमच्या मुद्द्याला उत्तर जुळवत बसले.

काल तुम्हाला नदीकाठी नेऊन आणलं. 'आणलं' काय लिहितेय मी? नेलं, आणि आम्ही परत आलो. शेजारच्या बायकांनी चहा दिला. लक्ष्मीमावशी आणि मी मागच्या दारात बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून मी आपल्या भांडणाचं सांगितलं. ती गोष्ट, ती सुकडी, लेकरू कुठंय असं मी विचारलं होतं ते. लक्ष्मीमावशी माझ्याकडं बघतच राहिल्या.

"लेकरू काढून टाकणारी ती तूच का?"

"हाव, मावशी. मॅडमनी सांगितलं होतं तुम्हाला?"

"त्या दिवशी लातूरहून घरी आली होती अक्का. मधल्या वारी. सुट्टी नव्हती काही नव्हती. दोन दिवस नुसती पडून होती." मावशींनी कप खाली ठेवला. "तुला माहीत न्हाई? अक्कानं तुला कधी सांगितलं न्हाई?"

मी मान हलवली.

मग त्यांनी सांगितलं. तुमचं लग्न झालं होतं. धर्माबादकडच्याच एका खेड्यात. त्या मोठ्या दुष्काळात घरात दाणा नव्हता, म्हणून सगळ्या सुनांबरोबर तुम्हीही रस्त्याच्या कामावर गेलात. घरी तुमची मुलगी होती, नुकती चालायला लागलेली. तुम्ही तुमच्या वाट्याची सुकडी पदरात बांधून तिच्यासाठी न्यायच्या. त्या उन्हाळ्यात तिला गोवर निघाला आणि ती गेली. "अन् त्याच्यानंतरबी," मावशी म्हणाल्या, "अक्का कामावर जायची, सुकडी बांधायची, घरी आणायची. सासू म्हणली, हिचं डोकं फिरलं. आणून सोडलं आमच्या दारात. बाबांनी मग कॉलेजात घातलं. कशात तरी मन लागावं म्हणून."

मॅडम, मी तिथं बसले होते. हातात कप होता. मला काहीच कळत नव्हतं. मावशी पुढं काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. मी फक्त एक वाक्य ऐकत होते, तुमच्या आवाजातलं, चाळीस वर्षांपूर्वीचं. मी माझं लेकरू बाहेर काढलं. माझं! भर वर्गात तुम्ही 'माझं' म्हणालात. एकेका शब्दापाशी थांबायला तुम्ही मला शिकवलंत, मी त्यावर माझं सगळं आयुष्य काढलं, आणि तो शब्द मी ऐकलाच नाही. वर्गातल्या कुणीच ऐकला नाही.

का नाही सांगितलंत? मला राग येतोय, आणि तो कुठं ठेवावा कळत नाही. एवढे फोन केलेत, माझ्या मायचं सगळं काढून घेतलंत, माझ्या लग्नाचं, मुलांचं, साहेबांचं. तुमचं मी विचारलं नाही कारण तुम्ही दार तेवढंच उघडं ठेवलं होतंत. आणि रविवारी तुम्ही ते उघडत होतात. उघडतच होतात ना? समोर बसून हेच सांगायचं होतं ना? की नव्हतं? हे मला आता कोण सांगणार?

ते सर म्हणाले होते, बाई आहे म्हणजे लेकरू असणारच. तुमचा आवाज कापला होता. मला वाटलं, माझ्यासाठी कापला.

आता घरी आले आहे. बसमधून उतरून सरळ कपाट उघडलं. ते पाठ्यपुस्तक माझ्याकडं अजून आहे, पानं पिवळी पडलीत, शिवण उसवली आहे. ती दोन पानं काढली आणि वाचायला बसले. खरं सांगते, मॅडम, या वेळी मी ते लेकरू शोधायला बसले होते. मला ते सापडायला हवं होतं. एखादा शब्द. पदराला पडलेला एखादा जुना डाग, बाईनं वाटेत एखाद्या दुसऱ्याच्या पोराकडं पाहिलेलं, काहीही. तुमचं रविवारचं म्हणणं टेकवायला बोटभर जागा. आयुष्यात कुठल्याही पुस्तकाकडं मी इतक्या लाचारीनं काही मागितलं नव्हतं. एकदा वाचलं. पुन्हा ओळीखाली बोट धरून वाचलं. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं तेव्हा मला वर्गातलं तुमचं बोट दिसलं. त्या ओळीवर ते का थांबलं होतं आणि उचलायला तुम्हाला एवढा वेळ का लागला, हे मला आत्ता कळतंय. सगळा वर्ग बघत होता. एक पोरगी उभी होती, जिला काहीच माहीत नव्हतं. 'आहे' म्हणाला असतात तरी कुणी हरकत घेतली नसती. सगळ्यांनी मानलं असतं. मीही मानलं असतं आणि खाली बसले असते, कायमची.

मी पुस्तक मिटलं. घरात कुणी नव्हतं. मी मोठ्यानं म्हणाले, "नाही, मॅडम. गोष्टीत नाही."

आणि मग, किती वेळानं कोण जाणे, मला रडू आलं.